पाचातला एक वाटा

मेक्सिकोच्या खोऱ्यात १४२८ साली एक मोठे युद्ध संपले आणि विजेत्यांनी यापुढे येणाऱ्या खंडणीचे वाटे ठरवून टाकले. परंपरेने चालत आलेला हिशेब असा: एकूण पाच वाटे, त्यांतले दोन तेनोच्तित्लानचे, दोन तेस्कोकोचे आणि एक त्लाकोपानचा. पहिल्या दोन नगरांनी या युद्धात सर्वस्व पणाला लावले होते, त्यामुळे त्यांचे वाटे समजतात. त्लाकोपान मात्र हरलेल्या तेपानेक लोकांचे नगर. ज्यांच्याविरुद्ध लढाई झाली, त्यांच्याच भाऊबंदांपैकी एकाला विजेत्यांनी शेजारी बसवले आणि पुढच्या प्रत्येक संयुक्त मोहिमेत पाचवा हिस्सा कबूल केला. हे त्यांनी का केले असावे?

अ‍ॅझ्टेकांविषयी आपल्याकडे जे थोडेफार वाचले जाते, त्यात या प्रश्नाला जागा नसते. तिथे पिरॅमिड असतात, नरबळी असतात, निवडुंगावर बसलेल्या गरुडाची दंतकथा असते आणि शेवटी मूठभर स्पॅनिश शिपायांनी केलेला सर्वनाश असतो. त्यावरून वाचकाचा समज होतो की, उत्तरेच्या रखरखीत मुलखातून एक धर्मवेडी, लढवय्यी जमात आली आणि तिने दहशतीच्या जोरावर शेजाऱ्यांना नमवले. मला हे पटत नाही. नरबळी खरे होते, दहशतही खरी होती. पण दहशत बसवण्याइतकी ताकद आधी कुठून तरी यावी लागते. ती सोयरिकी, तह, दुसऱ्याच्या घरातली फूट हेरण्याची नजर आणि मिळालेले वाटून खाण्याची तयारी यांतून आली. दहशत त्यानंतरची. वाटून खाण्याची ही तयारी जेव्हा आटली, तेव्हाच त्या सत्तेच्या पायाखालची जमीन सरकू लागली.

ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत. तेराव्या शतकात ते मेक्सिकोच्या खोऱ्यात पोहोचले, तेव्हा तिथल्या सरोवरांच्या काठी चांगली जमीन शिल्लकच नव्हती. काठावर आणि आसपास लहानमोठी पन्नासेक नगरराज्ये होती. प्रत्येकाचा स्वतःचा राजा, स्वतःचे देऊळ, स्वतःचा बाजार आणि स्वतःच्या मूळपुरुषाची कथा. यांतले कोणीच एकट्याच्या बळावर बाकीच्यांना कायमचे दाबून ठेवू शकत नव्हते. म्हणून सगळे राजकारण चाले ते कोण कोणाबरोबर आहे या एका प्रश्नाभोवती. उशिरा आलेल्या मेशिकांना हे राजकारण तळापासून शिकावे लागले. चापुल्तेपेकच्या टेकडीवरून त्यांना हाकलून लावण्यात आले. मग कुल्वाकानच्या राजाच्या आश्रयाने त्यांनी ओसाड, सापांनी भरलेल्या जागेवर दिवस काढले आणि त्याच्यासाठी लढाया केल्या. तिथूनही पळावे लागल्यावर १३२५च्या सुमारास सरोवरातल्या दलदलीच्या बेटावर त्यांनी तेनोच्तित्लान वसवले. हे बेट आस्कापोत्साल्कोच्या तेपानेक राज्याच्या हद्दीत मोडत होते. म्हणजे नवी राजधानी जन्मली तीच मांडलिक म्हणून.

अशा लोकांकडे विकण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: लढणारे हात आणि लग्नाची मुलेमुली. त्यांनी दोन्हींचा वापर विलक्षण सावधपणे केला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना स्वतःचा राजा हवासा झाला, तेव्हा त्यांनी निवडला आकामापिच्त्ली. त्याचे नाते कुल्वाकानच्या राजघराण्याशी होते आणि कुल्वाकान म्हणजे प्राचीन तोल्तेकांचा वारसा सांगणारे घराणे. उपऱ्या म्हणून हिणवल्या गेलेल्या जमातीने खानदानी रक्त असे लग्नाच्या वाटेने आपल्या सिंहासनावर आणले. त्यानंतरच्या वित्सिलिवित्लने आस्कापोत्साल्कोच्या तेसोसोमोक या बलाढ्य राजाची मुलगी केली. त्याआधी तेपानेकांनी मेशिकांकडून मागितलेली खंडणी किती अपमानास्पद होती, हे दिएगो दुरान या धर्मगुरूने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे. पिकांनी भरलेला तरंगता वाफा ओढत आणायचा, त्यावर बदक आणि बगळा अंड्यांवर बसलेले असायचे आणि पोहोचताक्षणी पिल्ले बाहेर पडायची. कथेत अतिशयोक्ती आहे हे उघड आहे, पण तिच्यातली सल खरी आहे. नातू जन्मल्यावर, दुरान सांगतो, लेकीने बापापुढे शब्द टाकला आणि खंडणी काही बदके, मासे आणि बेडूक एवढ्यावर आली. मांडलिक मेशिका एका बाळंतपणात व्याही झाले. याच वित्सिलिवित्लने दक्षिणेकडच्या क्वाउनावाकच्या राजकन्येशीही लग्न केले. तो कापसाचा मुलूख होता आणि बेटावर कापूस पिकत नव्हता.

तेसोसोमोक हा मला या कथेतला सर्वांत मोठा गुरू वाटतो. मेशिकांनी पुढे जे केले त्याचा आराखडा त्यानेच आधी तयार करून ठेवला होता: मुलांना वेगवेगळ्या नगरांच्या गादीवर बसवणे, मुली द्यायच्या त्या पुढचा वारस आपला नातू असेल अशा बेताने देणे, मांडलिकांना लढायला पाठवणे आणि लुटीतला थोडा भाग त्यांच्यासाठी सोडणे. १४१८ साली त्याने सरोवराच्या पूर्वेकडचे तेस्कोको घेतले, तिथला राजा इश्तलिलशोचित्ल मारला गेला आणि त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा नेसावालकोयोत्ल डोंगरात पळाला. तेस्कोकोविरुद्धच्या त्या युद्धात मेशिका तेसोसोमोकच्या बाजूने लढले आणि बक्षीस म्हणून तेस्कोकोची खंडणी त्यांच्या पदरात पडली. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. दहा वर्षांनी ज्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून मेशिका लढणार होते, त्याच्या बापाच्या पाडावात त्यांचा हात होता.

मग हे वैर मिटले कसे? नेसावालकोयोत्लची आई मेशिका राजघराण्यातली होती. तेनोच्तित्लानमधल्या नातेवाईक स्त्रियांनी तेसोसोमोककडे रदबदली केली आणि त्या निर्वासित मुलाला बेटावर राहण्याची मुभा मिळवली, असे तेस्कोकोची परंपरा सांगते. या स्त्रियांची नावे इतिहासात ठळक नाहीत, पण युतीची खरी मुत्सद्देगिरी त्यांनी केली असे मी मानतो. राजे तह करत आणि मोडत. मामा, मावश्या आणि आज्या यांचे जाळे मात्र तह मोडल्यावरही शिल्लक राही आणि त्याच धाग्यांना धरून पुढचा तह विणता येई.

१४२६ साली तेसोसोमोक वारला. त्याने नेमलेल्या वारसाला बाजूला सारून माश्त्ला या दुसऱ्या मुलाने आस्कापोत्साल्कोची गादी बळकावली. म्हाताऱ्या राजाबरोबर मेशिकांची सोयरीकही गेली. त्यांचा राजा चिमालपोपोका, म्हणजे तेसोसोमोकचाच नातू, लवकरच संशयास्पद रीतीने मेला. माश्त्लाने मारवले असे बहुतेक बखरी म्हणतात, काही अभ्यासकांना मेशिका सरदारांच्या एका गटाचाच संशय येतो. त्याच्या जागी इत्सकोआत्ल आला. हा आकामापिच्त्लीला आस्कापोत्साल्कोच्या एका दासीपासून झालेला मुलगा, म्हणजे तेपानेक राजघराण्याशी सोयरिकीचा काडीमात्र संबंध नसलेला माणूस. नातेच नसल्यामुळे ते तोडण्याचीही अडचण त्याला नव्हती. त्याच्या पाठीशी त्लाकाएलेल आणि पुढे राजा झालेला पहिला मोक्तेसुमा हे दोन पुतणे उभे राहिले.

तरीही तेनोच्तित्लान एकटे माश्त्लाला हरवू शकले नसते, आणि इत्सकोआत्लला ते पुरते कळत होते. नेसावालकोयोत्लने पूर्वेच्या डोंगरापलीकडच्या त्लास्काला आणि वेशोत्सिन्को या नगरांकडून सैन्य आणले. माश्त्लाच्या दडपशाहीला कंटाळलेली इतर नगरे सामील झाली. खुद्द तेपानेकांमध्ये फूट पडली आणि त्लाकोपानने माश्त्लासाठी जीव तोडून लढायचे नाकारले. आस्कापोत्साल्कोचा वेढा ११४ दिवस चालला असे सांगतात. नगर पडले.

आता पाचव्या वाट्याकडे परत जाता येते. हरलेल्या तेपानेकांची डझनावारी गावे सरोवराच्या पश्चिमेला पसरलेली होती. त्यांच्यावर मेशिकांनी थेट राज्य करायचे म्हटले असते, तर प्रत्येक गावात शिबंदी ठेवावी लागली असती आणि प्रत्येक पिढीत बंड मोडावे लागले असते. त्याऐवजी त्यांनी तेपानेकांना एक तेपानेकच राजा दिला. पूर्वेकडचे आकोल्वा लोक तेस्कोकोकडे, पश्चिमेचे तेपानेक त्लाकोपानकडे आणि कुल्वा वारशाचा मान तेनोच्तित्लानकडे अशी ही विभागणी झाली. पराभूतांना स्वाभिमानाने मान झुकवता येईल असा चेहरा त्यातून मिळाला. पाचातला एक वाटा ही त्या शांततेची किंमत होती, आणि ती स्वस्त होती.

काही इतिहासकारांना ही तीन नगरांची युतीच संशयास्पद वाटते. स्पॅनिश सत्ता आल्यावर तेस्कोको आणि त्लाकोपानच्या सरदारांनी आपले हक्क वाढवून सांगण्यासाठी समसमान युतीची कथा रचली, असा तर्क सुसान गिलेस्पी यांनी १९९८ साली मांडला. त्यात तथ्य आहे. तेस्कोकोचा इतिहास आपल्याला मुख्यतः त्याच राजघराण्याच्या वंशजाने लिहिलेला मिळतो आणि त्यात नेसावालकोयोत्ल प्रत्येक पानावर थोडा अधिकच तेजस्वी दिसतो. मेशिकांनीही काही कमी केले नाही. सत्तेवर आल्यावर इत्सकोआत्लने जुन्या चित्रलिखित पोथ्या जाळून टाकल्या, असे सहागून या स्पॅनिश धर्मगुरूने जमवलेल्या कथनांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा १४२८ साली तिघांनी बसून एखादा लेखी करार केला असेल असे मीही धरून चालत नाही. वाटे नेमके दोन-दोन-एक होते की मोहिमेगणिक बदलत, हाही वाद राहू दे. पण तिन्ही घराण्यांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकी, तिघांच्या सैन्याने मिळून केलेल्या मोहिमा आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळी पोहोचणारी खंडणी यांचे पुरावे इतके आहेत की, युतीची गोष्ट निव्वळ कल्पित म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ती समानांची नव्हती, एवढेच म्हणता येते. राजकारणात अशा बहुतेक युत्या समानांच्या नसतात.

याहून कडवा प्रश्न वेगळा आहे. ही युती कोणाची होती? दुरानच्या ग्रंथात युद्धाआधीचा एक प्रसंग येतो. मेशिकांतली सामान्य माणसे भ्याली होती, त्यांना माश्त्लाला शरण जायचे होते. सरदार म्हणाले, आम्ही हरलो तर आम्हाला खुशाल कापून खा. लोक म्हणाले, तुम्ही जिंकलात तर आम्ही आणि आमची मुलेबाळे तुमची सेवा करू, तुमची शेते कसू, तुमचे ओझे वाहू. हा करार असा घडला असेल यावर माझा विश्वास नाही. जिंकल्यानंतर सरदारांनी आपल्या विशेषाधिकारांसाठी मागाहून तयार केलेला हा दाखला वाटतो. पण तो तयार करावासा वाटला हे बोलके आहे. जिंकलेल्या तेपानेक जमिनी वाटल्या गेल्या त्या प्रामुख्याने राजघराण्यात आणि पराक्रमी सरदारांत. आपल्याच कुळवाड्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या मेशिका सरदारांना प्रथमच स्वतःची वेगळी मिळकत मिळाली. परक्या नगरातल्या सरदाराशी नाते जुळले आणि आपल्याच गल्लीतल्या शेतकऱ्याशी अंतर वाढले. पुढे तर १४८७ साली मोठ्या देवळाच्या उद्‌घाटनाला आवित्सोत्ल राजाने त्लास्काला, वेशोत्सिन्को, मिचोआकान इथल्या शत्रू राजांना गुपचूप बोलावले आणि लोकांच्या नजरेआड बसवून त्यांचा पाहुणचार केला. त्यांच्या शिपायांना देवळाच्या पायऱ्यांवर मारत असताना त्यांचे राजे आत मेजवानी घेत होते. हे वाचताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होते.

या युतीतून चांगलेही काही निपजले हे सांगितले पाहिजे. पंधराव्या शतकाच्या मध्याला पुराने बेट बुडू लागले, तेव्हा नेसावालकोयोत्लच्या देखरेखीखाली सरोवरात सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला. त्याने पूर येणे आवरले आणि तेस्कोको सरोवराचे खारे पाणी तेनोच्तित्लानच्या बाजूच्या गोड्या पाण्यापासून वेगळे ठेवले. चापुल्तेपेकच्या झऱ्याचे पाणी शहरात आणण्याच्या कामातही त्याचे नाव घेतले जाते. पाण्यातल्या शेतांवर जगणाऱ्या दोन लाखांच्या आसपास वस्तीचे शहर उभे राहिले ते अशा कामांमुळे. एका नगराच्या मजुरांनी हे झाले नसते.

नंतरचा विस्तार वेगाने झाला. मेक्सिकोच्या आखातापासून पॅसिफिकपर्यंत मुलूख ताब्यात आला, आणि कोदेक्स मेन्दोसा या चित्रग्रंथात ३८ खंडणीदार प्रांतांची नोंद सापडते. राज्य चालवण्याची पद्धत बहुतांशी तीच: स्थानिक राजा गादीवर राहू द्यायचा, खंडणी वेळेवर घ्यायची, मोहिमेला वाट आणि रसद मागायची. त्यामुळे साम्राज्य स्वस्तात वाढले. प्रत्येक मांडलिकाकडे स्वतःचा राजा, स्वतःचे सैन्य आणि स्वतःचे राजकारण मात्र शाबूत राहिले. मेशिका एके काळी आस्कापोत्साल्कोचे असेच मांडलिक होते.

आणि याच काळात वाटून खाण्याची सवय सुटत गेली. १४२८ साली मदतीला आलेले त्लास्काला वाट्यातून बाहेर राहिले आणि पुढे शत्रू झाले. आखाताकडचा मुलूख मेशिकांनी घेतल्यावर त्लास्कालाला चहूबाजूंनी वेढा पडला. तिथल्या लोकांना मीठ आणि कापूस मिळेनासा झाला, हे कोर्तेसने स्वतः राजाला लिहिलेल्या पत्रात आहे. १४७३ साली त्लातेलोल्कोची पाळी आली. ते त्याच बेटावरचे, रक्ताच्या नात्यातले नगर, खोऱ्यातला सर्वांत मोठा बाजार भरवणारे. तिथला राजा मोकिविश हा तेनोच्तित्लानच्या आशायाकात्लचा मेहुणा. त्याने मेशिका राणीला वाईट वागवले असे कारण सांगितले जाते. परिणाम असा झाला की मोकिविश देवळावरून कोसळून मेला आणि त्लातेलोल्कोची राजगादीच रद्द झाली. पूर्वी सोयरीक भांडण मिटवायला कामी येई, आता ती भांडणाचे निमित्त झाली.

सर्वांत महाग पडला तो तेस्कोकोतला हस्तक्षेप. १५१५ साली तिथला राजा नेसावालपिली वारला. दुसऱ्या मोक्तेसुमाने आपला भाचा काकामा गादीवर बसावा म्हणून वजन टाकले. दुसरा राजपुत्र इश्तलिलशोचित्ल, म्हणजे १४१८ साली मारल्या गेलेल्या राजाचा त्याच नावाचा वंशज, उत्तरेच्या डोंगरात गेला आणि सैन्य घेऊन परत आला. शेवटी राज्याची वाटणी करावी लागली. तेसोसोमोकने १४१८ साली तेस्कोकोत जे केले त्याची ही आठवण करून देणारी चूक होती: भागीदाराच्या घरात आपला माणूस बसवायचा आणि डोंगरात एक दुखावलेला राजपुत्र सोडून द्यायचा. मोक्तेसुमासारख्या जाणत्या राजाला हे दिसू नये, याचे उत्तर मला एकच सुचते. नव्वद वर्षांच्या यशात मेशिकांना भागीदार हा मांडलिक वाटू लागला होता.

म्हणून १५१९ साली एर्नान कोर्तेस किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याला युती रचावी लागली नाही. ती त्याची वाटच पाहत होती. सेम्पोआलाच्या राजाने खंडणीची तक्रार केली. त्लास्कालाने आधी लढून पाहिले आणि मग मैत्री केली. जून १५२०च्या अखेरीस तेनोच्तित्लानमधून मार खाऊन पळालेले स्पॅनिश सैन्य जवळजवळ संपले होते. त्लास्कालाने त्या वेळी आश्रय नाकारला असता, तर ही मोहीम तिथेच थांबली असती. तिथल्या सभेत शिकोतेन्कात्ल या तरुण सेनापतीने मेशिकांशी जुळवून घ्यावे असा आग्रह धरला, तो मानला गेला नाही. नंतर देवीची साथ आली आणि बेटावरचा नवा राजा क्वित्लावाक तिला बळी पडला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी कोर्तेस तेस्कोकोत शिरला, आणि इश्तलिलशोचित्ल आपले लोक घेऊन त्याला मिळाला. तेस्कोकोच्याच काठावरून १३ लढाऊ गलबते सरोवरात सोडण्यात आली. ती त्लास्कालात तयार झाली होती आणि त्यांचे लाकूड हजारो हमालांनी डोंगर ओलांडून वाहून आणले होते. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान पडले, तेव्हा वेढा घालणाऱ्यांत स्पॅनिश हजारापेक्षा कमी होते आणि देशी सैनिक त्यांच्या कित्येक पटींनी होते.

१४२८ आणि १५२१ शेजारी ठेवून पाहिले की युद्धाची मांडणी तीच दिसते. सरोवरातले एक मातलेले नगर, तेस्कोकोचा नाराज राजपुत्र, त्लास्काला आणि वेशोत्सिन्कोहून आलेली कुमक, धन्याला कंटाळलेले मांडलिक आणि महिनोन्‌महिने चाललेला वेढा. पोलाद, घोडे आणि देवीची साथ यांनी फरक पडला, तो मी नाकारत नाही. पण त्या लढाईत उतरलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जुनाच खेळ होता, आणि त्या खेळाच्या शेवटी वाटे पडतात अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांना मूर्ख किंवा देशद्रोही म्हणणे अन्यायाचे आहे. मेक्सिको नावाचा देश तेव्हा नव्हताच. त्यांनी जे केले तेच इत्सकोआत्लने केले होते आणि त्याला आपण मुत्सद्दी म्हणतो. बदलला तो विजेता. स्पेनच्या राजाला व्याही व्हायचे नव्हते आणि त्लाकोपानसारखा एखादा पाचवा वाटाही कोणाला द्यायचा नव्हता.

हे कळायला मित्रांना फार वेळ लागला नाही. १५६० साली वेशोत्सिन्कोच्या नगरसभेने दुसऱ्या फेलिपे राजाला नाहुआत्ल भाषेत पत्र लिहिले. आम्ही तुमच्या लोकांना अन्न दिले, लढलो, गलबतांच्या कामाला हातभार लावला, कोणी जबरदस्ती न करता तुमचा धर्म घेतला, आणि आता आमच्यावर न पेलणारी खंडणी लादली आहे, असे त्यात सांगितले आहे. त्लास्काला अधिक चिवट निघाले. त्यांनी दरबारात शिष्टमंडळे पाठवली, साक्षी नोंदवल्या, विजयाची चित्रे काढून घेतली आणि १५२१च्या मदतीचे देणे पिढ्यान्‌पिढ्या मागत राहिले. १५९१ साली व्हाइसरॉयला उत्तरेच्या सीमेवर वसाहती करण्यासाठी त्यांची ४०० कुटुंबे हवी होती, तेव्हा त्लास्कालाच्या सरदारांनी आधी अटी ठरवून घेतल्या. जाणाऱ्यांना खंडणी माफ असावी, वस्ती इतरांपासून वेगळी असावी, शस्त्र बाळगण्याचा आणि खोगीर घालून घोड्यावर बसण्याचा हक्क असावा, अशा त्या अटी होत्या. त्या मान्य झाल्यावरच गाड्या उत्तरेला निघाल्या.